येऊ द्यायचं का?

दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी कडी वाजवावी, हे ज्याला मोठेपणी शिकवावं लागतं त्याला पुढं काही शिकवण्यात अर्थ नाही, असं सविताचं ठाम मत होतं. कॉम्प्युटरच्या बाबतीतही तिचं मत हेच. शिरूरहून रोज रांजणगावच्या एमआयडीसीत जायचं आणि एका कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर सांभाळायचे, ही तिची नोकरी. कुणाचं मशीन अडलं की ही आपल्या खुर्चीत बसून दुरूनच त्या मशीनमध्ये शिरायची आणि बिघाड काढायची. पण शिरण्याआधी फोन करून "येऊ का?" असं विचारायची. हाताखालची पोरं तिला हसायची. न विचारता शिरून कोण कुणाला कसल्या मेल पाठवतंय ते बघण्यात त्यांना भारी गोडी. एकदा दोघं असेच एका टायपिस्ट बाईच्या मशीनमध्ये डोकावून खिदळताना तिला सापडले, तेव्हा तिनं त्यांची सगळ्यांदेखत अशी काही बिनपाण्याची केली की आठवडाभर ते तिच्या टेबलासमोरून जात नव्हते. चोर परवडला, पण चोरून बघणाऱ्याची तिला शिसारी यायची.

आणि तिचा सख्खा भाऊ पृथ्वीराज. हा राहायचा हडपसरला, बायको आणि एका मुलासकट. हडपसर ते वरवंड म्हणजे सोलापूर रोडवर उभं राहून हात केला की गाडी. त्यात याच्या दारात स्वतःची चारचाकी. पण आईला भेटायला याला सवड व्हायची ती दिवाळीत आणि वडिलांच्या श्राद्धाला. सवड नाही म्हणून मग त्यानं वरवंडला आईसाठी कॉम्प्युटर घेतला. "आईला रोज नातू दिसेल," असं त्यानं फोनवर इतक्या कौतुकानं सांगितलं की जणू नातूच पाठवतोय.

कॉम्प्युटर ठेवला मधल्या खोलीत, कारण फोनची तार तिथंच आलेली. मधली खोली म्हणजे तुळजाबाईंची खोली. तिथं त्यांची खाट, तिथंच कपड्यांची दोरी, तिथंच देवाचा फळीवरचा संसार. पडद्याच्या डोक्यावर कॅमेरा बसला तो बरोबर खाटेकडं तोंड करून. सविता एका रविवारी मुद्दाम येऊन सगळं लावून गेली. आईच्या मशीनमध्ये काही बिघडलं तर शिरूरहून दुरुस्त करता यावं, म्हणून तिनं दुरून शिरायचं सॉफ्टवेअर घातलं, पण नीट कड्याकुलपं लावून. पासवर्ड अवघड ठेवला आणि तो फक्त स्वतःकडं. पासवर्ड नसलेला माणूस बाहेरून नुसती टकटक करू शकेल. मग आईसमोर पडद्यावर एक चौकोन येईल, अमका आत येऊ बघतोय, येऊ द्यायचं का? आईनं हो म्हटलं तरच तो आत. त्यातही, जाताना दार आपोआप लागेल आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागेल.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून सवितानं आपल्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं. कीबोर्डच्या एका बटणावर हिरवी टिकली लावली, वरच्या कोपऱ्यातल्या बटणावर लाल.

"आई, हिरवी म्हणजे ये. लाल म्हणजे येऊ नको."

"लाल कशाला चिकटीवती?" तुळजाबाई म्हणाल्या. "आपल्या दारातनं मी कवा कुनाला माघारी लावलंय व्हय?"

"आता लावायला शिक. पासवर्ड असला तरी मीही विचारूनच येईन. आधी माझा फोन येईल. मी म्हणेन, आई, मी आले. मग चौकोन येईल. तेव्हा हिरवी दाबायची. फोन नाही आणि नुसताच चौकोन आला, तर लाल. कोण का असेना."

"आन् त्यो दारात उभा ऱ्हायलेला मानूस?"

"तो दारात नसतो आई. तो कुठंतरी लांब खुर्चीत बसलेला असतो."

"खुर्चीत बसून आला तरी आलाच की गं," असं म्हणून आई हसली. तिच्या घरची रीतच तशी होती. हमरस्त्याच्या कडेचं घर. पंक्चर झालेला ड्रायव्हर असो की पत्ता चुकलेला पाहुणा, कुणीही दारात आला की तुळजाबाई आधी तांब्याभर पाणी द्यायच्या आणि मग नाव विचारायच्या.

"आणि हे बघ," सवितानं कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. "इथं बारीक निळा दिवा लागला, म्हणजे कुणीतरी तुला बघतंय. दिवा नाही तर कुणी नाही. एवढं पक्कं ध्यानात ठेव."

"निळा दिवा म्हंजी कोनतरी हाय. ठिवलं ध्यानात," आई म्हणाली. आणि तिनं ते खरोखरच ध्यानात ठेवलं.

पृथ्वीराजनं पासवर्ड मागितला, तेव्हा सवितानं साफ नाही म्हटलं. तो चिडला. "ताई, कॉम्प्युटर मी घ्यायचा आणि परवानगीही मीच मागायची?"

"घेतलास तू, पण तो आहे आईच्या खोलीत. आधी फोन कर, मग टकटक कर, ती घेईल आत."

पहिले काही आठवडे व्हिडिओ कॉलवर नातू पडद्यावर दिसला. मग त्याची परीक्षा आली, मग सुट्टी आली, मग क्लास आले. सविता मधूनमधून फोन करून शिरायची, साचलेला कचरा झाडायची आणि बाहेर पडायची. पुढं कारखान्यात नवी मशीनं आली आणि तिचंही ते राहून गेलं. फोनवर आई म्हणायची, "समदं ब्येस चाललंय. पृथ्वी येतोय रोज." सविताला नवल वाटायचं. चला, सुधारला म्हणायचा.

आणि मग एका शनिवारी पृथ्वीराजचा फोन आला. "ताई, उद्या वरवंडला ये. आप्पांनाही बोलावलंय. आईचं आता काहीतरी ठरवायला हवं."

---

सविता शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला उतरली आणि तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन वरवंडला पोचली. दारात पृथ्वीराजची धुतलेली गाडी. आत खुर्चीवर बापूसाहेब, म्हणजे त्यांचे चुलते. गावात त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून पांढरे कपडे आत्तापासूनच अंगाला सवयीचे करत होते. रस्त्याकडची पुढची खोली त्यांना कार्यालयाला हवी होती, हे गावाला ठाऊक होतं आणि आप्पा सोडून सगळे ते उघड बोलत होते. त्यांच्या हातात पोह्यांची बशी. पृथ्वीराजच्या मांडीवर लॅपटॉप.

आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली. चालताना एक पाय ओढत होती.

"काय गं, पायाला काय झालं?"

"काय न्हाई. घसरले जरा. तू बस," म्हणून आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. जिच्याबद्दल ठरवायचं होतं तीच सगळ्यांत लांब.

पृथ्वीराजनं घसा साफ केला. ऑफिसात बोलायची सवय असल्यामुळे त्यानं फार व्यवस्थित मांडणी केली. आई आता एकटी राहू शकत नाही. गेल्या आठवड्यात ती न्हाणीतून लंगडत बाहेर आली, पण कुणाला कळवलं नाही. दुपारची नीट जेवत नाही, पाटीत ठेवलेली शिळी भाकरी चहात बुडवून खाते. दिवसातून दहादा ऊठबस करते. शेजारची ती रोशनबी येऊन आईच्या खाटेवर पाय पसरून तासन्‌तास बसायची, आता तीही येत नाही, म्हणजे तिच्याही लक्षात आलं असणार. "आणि सगळ्यांत वाईट म्हणजे," इथं त्यानं आवाज खाली आणला, "आई एकटीच बोलते. समोर कुणी नसताना. हातवारे करते. हसते. हे चांगलं लक्षण नाही."

आप्पांनी तोंडातले पोहे गिळून च्‌ च्‌ केलं.

"दौंडला एक चांगली सोय आहे, वयस्कर लोकांची," पृथ्वीराज म्हणाला. "मी बघून आलोय. स्वच्छ आहे. डॉक्टर येतात. आमच्या फ्लॅटमध्ये जागा असती तर..." त्यानं ते वाक्य तसंच सोडून दिलं. "घर बंद ठेवण्यापेक्षा आप्पा वापरतील. वापर राहिला की घर नीट राहतं."

म्हणजे हा दौंडला जाऊन ती जागा बघून आला होता. दौंडला जाताना वरवंड वाटेत लागतं. जातानाही लागतं आणि येतानाही लागतं.

"तुला हे सगळं कसं माहीत?" तिनं विचारलं. "भाकरी, न्हाणी, रोशनबी. तू तर दिवाळीपासून आला नाहीस."

"अगं, म्हणजे लक्ष ठेवतोच ना मी. माझी आई आहे." असं म्हणून त्यानं मोठ्या साळसूदपणे लॅपटॉप फिरवला. "तुम्ही विश्वास ठेवणार नाही म्हणून मी रेकॉर्ड करून ठेवलंय."

पडद्यावर आईची खोली होती. खाट, दोरी, देवांची फळी. सगळं वरून, थोडं तिरकं. आई खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपलेली. आई उठली. आईनं केस सोडले. आई पदराखाली हात घालून पाठ खाजवत होती. पृथ्वीराजनं ते भराभर पुढं ढकललं, पण ढकलताना त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. कारखान्यातली ती दोन पोरं निदान खिदळत तरी होती. आपण काहीतरी घाण करतोय हे त्यांना ठाऊक होतं. हा तर काळजीच्या नावाखाली, आंघोळ केलेल्या स्वच्छ चेहऱ्यानं आईला चाळत होता. आणि आप्पा, आईचा सख्खा दीर, बशी हातात धरून, मान पुढं काढून ते बघत होते.

"आप्पा, ती बशी तरी खाली ठेवा," सविता म्हणाली. त्यांनी ठेवली.

"हे बघा. हे," पृथ्वीराज म्हणाला.

पडद्यावर आई खुर्ची ओढून अगदी समोर बसली. डोक्यावरचा पदर नीट केला. आणि बोलायला लागली. आवाज नव्हता. ओठ नुसते हलत होते. मधेच ती हसली, मधेच तिनं कपाळाला हात लावला, काहीतरी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत थांबली. मग मान हलवून पुन्हा बोलू लागली. मग उठली आणि एक छोटी गोधडी आणून दोन्ही हातांनी उलगडून समोर धरली. पुढून दाखवली, मागून दाखवली.

"बघा, भिंतीला गोधडी दाखवतेय," पृथ्वीराज म्हणाला. "आणि हे रोजचं आहे."

"अरारारा," आप्पा म्हणाले. "वैनीचं असं व्हईल वाटलं न्हवतं."

सविता पडद्याकडं बघतच राहिली. हे तिला का ओळखीचं वाटत होतं? तेवढ्यात उंबऱ्यापाशी हालचाल झाली. तुळजाबाई उठून, पाय ओढत पुढं आल्या. त्यांनी वाकून लॅपटॉपमध्ये बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्यो बेस्तरवार," त्या म्हणाल्या. "पोराची गोधडी झाली तो दिस. रंग दाखवत हुते तुला. हिरवा तुकडा तुझ्या बाच्या फेट्याचा हाय, म्हनलं वळखतोस का बघू."

आप्पांनी पडद्यावरची नजर काढून पृथ्वीराजकडं बघितलं.

"तू काय बोललाच न्हाईस," आई पृथ्वीराजला म्हणाली. "कवाच बोलत न्हवतास. मला वाटलं, तुझ्याकडचा आवाज बिघडला. सविताला सांगनार हुते दुरुस्त कर म्हनून. पन ती म्हनायची कामात हाय. मग मीच बोलायची. निळा दिवा लागला म्हंजी तू आलास, येवढं मला ठावं हुतं."

पृथ्वीराजचं बोट लॅपटॉपवर तसंच राहिलं. पडद्यावरची आई अजून गोधडी धरून उभी होती.

"मग आवाज होता का?" सवितानं पृथ्वीराजला विचारलं.

"ऑफिसमध्ये असतो ना मी ताई. आजूबाजूला लोक असतात. आवाज बंदच ठेवावा लागतो."

"आणि रेकॉर्ड केलं त्यातही नाही?"

"फाईल मोठी होते."

फाईल मोठी होते! एवढंच त्याला सुचलं. आजवर माणसांचे किती प्रकार बघितले, लाचखाऊ बघितले, चहाडखोर बघितले, पण असा प्रकार तिनं कधी बघितला नव्हता. आणि तो तिच्याच पाठीवर जन्मलेला होता. आई ज्याच्याशी बोलत होती तोच तिचं तोंड हलताना बघून, आईला वेड लागलं म्हणून पुरावा गोळा करत होता.

"आई, तो आत आला कसा?" तिनं विचारलं. "चौकोन आला होता का?"

"आला की. एकदाच."

"आधी फोन आला होता?"

"न्हवता. पन म्हनलं, पृथ्वीच असंल. पोराला न्हाई म्हनू व्हय मी? हिरवी दाबली. मग पुन्यांदा चौकोन आलाच न्हाई. आपला त्यो सरळ यायचा."

सविता उठून मधल्या खोलीत गेली आणि मशीनसमोर बसली. काय झालं ते स्वच्छ दिसत होतं. त्या एका होकारावर आत शिरून पृथ्वीराजनं पहिलं काम केलं होतं ते चौकोनच काढून टाकायचं. पुन्हा विचारायला नको. स्वतःचा पासवर्ड घातला होता, कॅमेरा हवा तेव्हा चालू व्हावा अशी सोय केली होती. आईला फोनवर सांगितलं होतं, मशीन बंद करायचं नाही, बिघडतं. आई बिचारी वीज गेली तरी आधी कॉम्प्युटरची बॅटरी टिकतेय ना बघायची. हिरवी टिकली बोट लागून कडेला झिजली होती. लाल टिकली पाकिटातून काढल्यासारखी कोरी.

"आणि तू पडलीस कशी?" तिनं तिथूनच विचारलं.

आई दारात येऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दिवा कवा लागंल नेम न्हाई. मग लुगडं कुठं बदलू? मोठं पोर समोर असताना बरं दिसतंय का? न्हानीत जायाची मी. वल्ली असती ती. पाय सरकला." मग थोडं थांबून म्हणाली, "रोशनबीला बी लाज वाटती. ती म्हनली, तुळजे, तुझ्या पोरासमोर पाय पसरून कशी बसू? तवापासनं ती येत न्हाई. मी तिच्याकडं जाईन म्हनलं, पन मी गेले आन् तू आलास तर?"

हे शेवटचं ती पृथ्वीराजकडं बघून म्हणाली. तो उभा राहिला होता. कान लाल झाले होते, पण तोंड अजून शाबूत होतं.

"अगं पण मग तू बोलायचंस ना मला! मला काय कल्पना!"

"रोज बोलतच हुते की रं," तुळजाबाई म्हणाल्या.

आप्पांनी टोपी उचलली. त्यांना सोसायटीचं काहीतरी तातडीचं आठवलं. पायात चप्पल घालता घालता तेवढ्यातही म्हणाले, "तरी बी वैनी, इचार करा. पुढली खोली तशी मोकळीच असती." सवितानं काही न बोलता त्यांच्यामागं दार लावलं, आणि त्यांची पोह्यांची बशी उचलून मोरीत आपटली. बशी स्टीलची होती, फुटली नाही, याचंही तिला वाईट वाटलं.

मग तिनं पृथ्वीराजला समोर बसवलं आणि ते सगळं रेकॉर्डिंग एकेक करून पुसायला लावलं. तो म्हणाला, मी घरी जाऊन करतो. ती म्हणाली, आत्ता. तो म्हणाला, तू मला गुन्हेगार समजतेस, माझा हेतू तरी बघ. ती म्हणाली, हेतू मी बघितला, वरून आणि तिरका. पुसताना प्रत्येक फायलीवर आईचं छोटं चित्र दिसायचं. कुठं झोपलेली, कुठं जपमाळ घेतलेली, कुठं समोर बसून हसणारी. किती बोलली होती ती! सविता मोजायला गेली नाही. त्यातलं एकही वाक्य आता कुणाला मिळणार नव्हतं.

एवढं होऊनही आईनं ताटं वाढली. "जेवून जा," म्हणाली. आणि तो बसला. मान खाली घालून बसला, पण बसला. पिठलं आणि गरम भाकरी. आईनं त्याला पुन्हा वाढलं आणि त्यानं पुन्हा घेतलं. सविता समोर बसून त्याचा हलता जबडा बघत होती. त्या जबड्याकडं बघताना तिच्या मनात आलं, आवाज बंद केला की माणूस खरंच वेडा दिसतो. तिनं आपलं ताट सरकवून ठेवलं.

निघताना पृथ्वीराज आईच्या पाया पडला. आईनं त्याच्या हातात गोधडी दिली. गाडीच्या मागच्या काचेशी ती ठेवून तो गेला.

---

"काढून टाकू का आई हे सगळं?" सवितानं विचारलं. "मशीनच नको."

तुळजाबाईंनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पोर दिसतंय कवातरी. पन तुझी ती कडी लाव पुन्यांदा. आन् मला सांग, बंद कसं करायचं. बिघडतंय म्हंतोय त्यो."

"नाही बिघडत. काही बिघडत नाही."

सवितानं पृथ्वीराजचा पासवर्ड उपटून फेकला. चौकोन परत लावला, आणि तो आतून कुणाला काढताच येणार नाही असं केलं. पडदा कॅमेऱ्यासकट खाटेकडून भिंतीकडं वळवला, म्हणजे कॅमेऱ्याला नुसती भिंत आणि समोर बसलेलं माणूस दिसावं. झिजलेल्या हिरव्या टिकलीच्या जागी नवी लावली. मशीन बंद कसं करायचं ते आईकडून तिनं पुन्हा पुन्हा करवून घेतलं. पडदा काळा झाल्यावर आईनं भिंतीपलीकडं हाक मारली, "रोशनबी! ये गं! दिवा इझलाय!"

थोड्या वेळानं मागचं दार वाजलं आणि रोशनबी पदर सावरत, दबक्या पावलांनी आत आल्या. त्यांनी पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं बघितलं, मग तुळजाबाईंकडं. "खरंच इझलाय ना?" म्हणाल्या, आणि मग खाटेवर बसून त्यांनी पाय पसरले.

पुढच्या रविवारी सविता पुन्हा वरवंडला आली. आईचा पाय बरा होता. दोघी मधल्या खोलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. नातवाशी बोलायचं म्हणून आईनं मशीन स्वतः चालू केलं होतं, आणि त्याचा तिला केवढा अभिमान. एवढ्यात पडद्यावर चौकोन आला. नाव पृथ्वीराजचं. येऊ द्यायचं का?

सवितानं हात शेंगांच्या सुपातच ठेवला.

"फोन वाजला का गं?" आईनं विचारलं.

"नाही."

तुळजाबाई चौकोनाकडं बघत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळेच सविताला बघवत नव्हतं. आयुष्यभर दारात आलेल्या कुणालाही न परतवलेली बाई. तिचा हात सवयीनं हिरव्या टिकलीकडं गेला, तिथं थोडा थांबला. मग तिनं बोट पदराला पुसलं आणि वरच्या कोपऱ्यातली लाल टिकली दाबली. चौकोन गेला.

लगेच फोन वाजला. आईनंच उचलला. रिसीव्हरमधून पृथ्वीराजचा आवाज सविताला खाटेवर ऐकू येत होता. आज आवाज चांगला चालू होता.

"आई, अगं मी टकटक केली. चौकोन आला नाही का?"

"आला हुता."

"मग?"

"मी घरीच हाय," तुळजाबाई म्हणाल्या. "दार उघडं हाय. गाडी काढ आन् ये."